अपुरं काळीज

"मॅडम, ह्ये तुमीच लिव्हलंय न्हवं?"

दारात उभ्या असलेल्या बाईंनी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला आणि तळाच्या गोल शिक्क्यावर बोट ठेवलं. शिक्का माझाच होता. वसुधा चांदोरकर, इटालियन-इंग्रजी अनुवादक, पुणे. सहीही माझीच. त्यांच्यामागे जिन्याच्या कठड्याला धरून एक उंच, काटक मुलगी मान खाली घालून उभी होती. माझं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावळणावर मुलीला बसवत, पाणी पाजत आईने तिला वर आणलं होतं, हे मला मागाहून कळलं.

मी त्यांना आत घेतलं. कागदावरचं नाव वाचलं आणि मुलगी कोण ते लक्षात आलं. स्वरूपा साळुंखे, विट्याची. सायकलपटू. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या हृदयाबरोबर एक अख्खा आठवडा काढला होता.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यासाठी इटालियनमधून भाषांतरं करत असे. खोकी भरणारी, बाटल्यांना बुचं लावणारी यंत्रं बोलोन्याहून यायची आणि त्यांची जाडजूड माहितीपुस्तकं माझ्याकडे. त्यातले पट्टे, दट्टे, झडपा मला तोंडपाठ होत्या. हृदयाचा आणि माझा संबंध आला तो राज्यातल्या सायकल संघटनेमुळे. संघटनेने सहा मुली इटलीत बेर्गामोजवळ सरावाला पाठवल्या होत्या. तिकडे नियम कडक. खेळाडूचं हृदय तपासल्याशिवाय त्याला शर्यतीच्या रस्त्यावर उतरू देत नाहीत. त्या तपासण्यांचे रिपोर्ट इटालियनमध्ये आले आणि संघटनेचे सचिव विश्वास बर्गे यांनी ते भाषांतराला माझ्याकडे धाडले. राष्ट्रीय शिबिरासाठी दोन मुलींची निवड व्हायची होती, समितीला इंग्रजी रिपोर्ट हवे होते.

पाच मुलींचे रिपोर्ट सरळ होते. स्वरूपाच्या रिपोर्टने मात्र मला घाम फोडला. पहिलाच शब्द 'सोफ्यो'. सोफ्यो म्हणजे फुंकर. मेणबत्ती विझवताना मारतात ती. हृदयात फुंकर कसली? पुढे 'इन्सुफिचिएन्त्सा मित्रालिका'. त्याचा इंग्रजी जुळा भाऊ समोर दिसतच होता, इनसफिशियन्सी. तो मी लिहूनही टाकला होता. पण यंत्रांच्या कामाने मला एक शिकवलं होतं. जो शब्द सोपा वाटतो तिथेच हात कापला जातो. म्हणून मी कागद घेऊन खालच्या मजल्यावर डॉक्टर मंदाकिनी रेगे यांच्याकडे गेले. रेगेबाई हृदयरोगतज्ज्ञ. निवृत्त झाल्या होत्या, पण एका रुग्णालयात आठवड्यातून काही दिवस जात.

त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि शाळेतल्यासारखं शिकवलं. सोफ्यो म्हणजे मर्मर, झडपेतून रक्त जाताना होणारी सळसळ. रिपोर्टात तिला 'निर्दोष' म्हटलंय, तो शब्द सोडायचा नाही. मित्रालिका ही हृदयातली एक झडप, आणि इन्सुफिचिएन्त्सा म्हणजे ती मिटताना थोडं रक्त मागे येतं. इंग्रजीत त्याला रिगर्जिटेशन म्हणायचं. 'सौम्य आणि नैसर्गिक' असं डॉक्टरने पुढे लिहिलंय, म्हणजे धडधाकट माणसांतही आढळतं तसं. आणि शेवटी 'स्कोम्पेन्सो'. त्याचं शब्दशः काहीतरी असंतुलन-बिसंतुलन करून ठेवशील, रेगेबाई म्हणाल्या. त्याचा अर्थ हार्ट फेल्युअर, आणि रिपोर्ट म्हणतोय की त्याचं एकही लक्षण नाही.

"ही मुलगी पळती-बिळती आहे का?" त्यांनी विचारलं.

सायकल चालवते, मी म्हणाले.

"मग बरोबर. हे खेळाडूचं हृदय आहे. नाडी संथ, कप्पा किंचित मोठा. माझ्या पेशंटांपैकी कुणाचं असं असतं तर मी पेढे वाटले असते."

शेवटचं वाक्य स्पष्ट होतं. स्पर्धात्मक खेळासाठी पात्र, नेहमीप्रमाणे वर्षाने पुन्हा तपासणी. मी एकेक शब्द तोलून लिहिला, सही-शिक्का केला. बर्गेंच्या कचेरीतून निरोप आला की संघटनेच्या कागदावर छापायचंय, तेव्हा संगणकातली प्रतही पाठवा. ती रीतच होती. मी पाठवली.

आता तोच कागद माझ्यासमोर होता आणि मी तो वाचत होते. पहिल्यांदा वाचला तेव्हा काय खटकतंय तेच कळेना. दुसऱ्यांदा वाचला आणि कानशिलं तापली. खोटं असं एकही नवं वाक्य त्यात कुणी घातलं नव्हतं. फक्त लहान लहान शब्द गेले होते. मर्मर होती, निर्दोष गेलं होतं. रिगर्जिटेशन खोडून इनसफिशियन्सी आली होती आणि तिच्या मागचे सौम्य, नैसर्गिक हे दोन्ही शब्द नाहीसे झाले होते. नाडी संथ होती, खेळाडूचं हृदय नव्हतं. हार्ट फेल्युअरची लक्षणं नाहीत, ही ओळच नव्हती. आणि शेवटी, स्पर्धेसाठी पात्र असल्याच्या जागी, पात्रतेसाठी वर्षाने तपासणी करावी, एवढंच. खाली माझी सही.

"गावातल्या इंग्रजीच्या सरांनी डिक्शनरी काढून वाचलं," स्वरूपाची आई म्हणाली. "म्हणाले, झडप अपुरी हाय, म्हंजे पोरीचं काळीजच अपुरं हाय. मॅडम, मी शिकलेली न्हाई. तुमी इटलीची भाषा वाचलीया. मला एवढंच सांगा, ही किती दिस हाय?"

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. हाताची दोन बोटं मानेवर नाडीपाशी टेकलेली.

मी त्यांना सांगितलं की हे मी लिहिलेलं नाही. माझी मूळ प्रत काढून दाखवली, ओळीवर ओळ ठेवून वाचली, मराठीत सांगितली. स्वरूपा पुढे सरकून ऐकू लागली. आईच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. माझंच नाव दोन्ही कागदांवर, मग त्यांनी कुठला खरा मानायचा?

हळूहळू बाकीचं कळलं. तो कागद संघटनेनेच घरी धाडला होता. वडील कोइमतूरला असतात. विट्याकडची बरीच माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, तसेच तेही. फोनवर हे ऐकलं तेव्हा ते भट्टी तशीच टाकून गाडीत बसले. घरी येऊन सायकल उचलली आणि माळ्यावर टाकली. मग महिनाभर स्वरूपाला कुणी घागर उचलू दिली नाही, जिना चढू दिला नाही, मोठ्याने हसली तरी आई पाठीवरून हात फिरवायची. जी मुलगी गावाजवळच्या रेणावीचा चढ पुरुषांच्या बरोबरीने चढायची, तिला अंगणात खुर्ची टाकून बसवलेलं. शेजारच्या बायका येऊन डोळे पुसून जात. एक स्थळ आलं होतं, तेही निरोप न देता मागे गेलं. शिबिराच्या यादीत तिचं नाव आधी होतं, ते या रिपोर्टावरून केव्हाच काढलं गेलं होतं. तिच्या जागी जी मुलगी गेली तिच्या वडिलांच्या हॉटेलात संघटनेची सगळी शिबिरं उतरत, हे मला पुढे समजलं.

त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं. मग मी साडी बदलली आणि दोघींना घेऊन रिक्षाने बर्गेंच्या कचेरीत गेले.

क्रीडासंकुलातली ती कचेरी चषकांनी भरलेली होती. बर्गे गोरे, टापटीप, आवाज मऊ. बसा म्हणाले, चहा सांगितला. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं की माझ्या सहीवर हा दुसरा मजकूर कुणी छापला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचले. घाई अजिबात नव्हती. मग म्हणाले की समितीला मोठमोठे रिपोर्ट वाचायला वेळ नसतो, तेव्हा कचेरीत संक्षेप करतात. अर्थ तोच आहे.

"अर्थ तोच नाही," मी म्हणाले. "सौम्य कुठे गेलं? निर्दोष कुठे गेलं?"

"मॅडम, ती विशेषणं झाली."

"आणि रिगर्जिटेशन?"

ते हसले. त्यांनी खणातून मूळ इटालियन रिपोर्टाची प्रत काढली आणि माझ्याकडे सरकवली. "हा शब्द जरा वाचून दाखवा."

मी वाचला. इन्सुफिचिएन्त्सा मित्रालिका.

"मग इनसफिशियन्सीच झाली ना? तुमचा तो रिगर्जिटेशन इथे कुठे दिसतोय? उलट आम्हीच मुळाला जास्त धरून आहोत."

आजही ते वाक्य आठवलं की हाताची मूठ वळते. भाषा माझी, रात्रंदिवस तिच्यात मी घासलेली, आणि हा माणूस मला माझ्याच शब्दाने गप्प करत होता. मी म्हणाले, "बर्गे साहेब, उद्या तुमचं पोट सुटलं आणि कुणी इंग्रजीत लिहिलं की साहेबांचं पोट निसटून पळालं, तर ते मुळाला धरूनच होईल. चालेल तुम्हाला?"

कोपऱ्यातला शिपाई हसला आणि लगेच गंभीर झाला. बर्गेंचा चेहरा क्षणभर आवळला. मग त्यांनी माझा नादच सोडला आणि खुर्ची स्वरूपाच्या आईकडे वळवली.

"ताई," ते म्हणाले, "मॅडम शब्दांचं बघतात, मला पोरींचं बघावं लागतं. तुमची मुलगी उतारावर साठच्या वेगाने जाते. तिथे छातीत काही झालं असतं तर? आम्ही तिचं नाव काढलं ते तिच्या जिवासाठीच. एक वर्ष गेलं म्हणून काय झालं? मुलगी तर डोळ्यांसमोर आहे."

आणि त्या बाईंनी हात जोडले. माझ्यासमोर, त्या चषकांसमोर, पदर खांद्यावरून घेऊन त्यांनी बर्गेंना नमस्कार केला. म्हणाल्या, "साहेब, तुमी माझी पोर वाचवली."

स्वरूपाने आईचा हात धरून खाली ओढला. तिच्या तोंडून पहिल्यांदा मोठा आवाज निघाला. "आई, त्यांनी माझी जागा घेतलीय गं. हात काय जोडतीस?" पण आईला तिचं ऐकूच येत नव्हतं. जिला महिनाभर मुलगी मरणार असं सांगितलं गेलंय, तिला जागाबिगा काय. चहा आला. मी कपाला हात न लावता उठले.

बाहेर आल्यावर माझा राग दोन दिशांनी धावत होता. बर्गेंवर तर होताच. पण सांगायला लाज वाटते, त्या भोळ्या बाईंवरही होता. रस्त्याच्या कडेला त्या उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबल्या, स्वरूपासाठी रस घेतला आणि तिने ग्लास तोंडाला लावायच्या आधी स्वतः पदराने पुसला. तो पदर पाहिला आणि त्यांच्यावरचा राग गेला. उरला तो सगळा एकाच माणसाच्या नावावर जमा झाला.

रेगेबाईंनी त्याच दिवशी वेळ दिली. रुग्णालयात स्वतः उभं राहून स्वरूपाचं हृदय यंत्रावर पाहिलं, पडद्यावर आईला झडप दाखवली. बघा, कशी मिटतेय, हे एवढंसं मागे येतंय, याने काही होत नाही. मुलीला उद्यापासून सायकलवर बसवा. आई ऐकत होत्या, मान डोलवत होत्या. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डाक्टरीणबाई चांगल्या हाईत. तुमच्या शेजारच्या हाईत. तुमचा शबूद राखायला बी म्हणत असतील. पर तिकडच्या डाक्टरनं लिव्हलंय त्याचं काय?"

त्यांचं चुकत नव्हतं. भीती इटलीहून आली होती, तर ती काढायलाही इटलीलाच बोलवायला हवं होतं.

मूळ रिपोर्टाखाली नाव होतं, डॉक्टर फ्रांका रोवेल्ली. तिथल्या केंद्राचा नंबर रिपोर्टाच्या माथ्यावरच छापलेला. दुसऱ्या दिवशी आमच्या दुपारी, त्यांच्या सकाळी, मी फोन लावला. आधी एक कारकून, मग दुसरा. सायकलवाली भारतीय मुलगी म्हटल्यावर डॉक्टर स्वतः आल्या. मी थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, मला त्या आईशी बोलायचं आहे, तोंड दिसेल असं. मग संगणकावर आम्ही सगळ्या बसलो. मी मध्ये, डावीकडे स्वरूपा, उजवीकडे तिची आई. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, पुरुषी आवाजाच्या एक बाई, मागे खिडकीतून डोंगर.

त्या दिवशी इंग्रजीचं काम नव्हतं. ही बाई इटालियनमध्ये बोलत होती आणि ते माझ्या तोंडून थेट विट्याच्या मराठीत उतरत होतं. आयुष्यात मी इतकं भाषांतर केलं, पण एकेक वाक्य पुन्हा विचारून मगच सांगितलं ते तेवढ्या एका वेळी.

स्वरूपाच्या आईने आधी एकच प्रश्न विचारला. "त्यांना विचारा, त्यांच्या पोटची असती तर सायकलवर बसवली असती का?"

मी विचारलं. रोवेल्ली बाईंनी आपल्या कोटावर, डाव्या बाजूला, तळहात ठेवला.

"तिला सांगा," त्या म्हणाल्या, "तिच्या मुलीच्या हृदयात जी इन्सुफिचिएन्त्सा आहे ती माझ्याही हृदयात आहे. माझी तर तिच्यापेक्षा थोडी जास्तच. मी साठीची आहे आणि मागे दिसतोय तो डोंगर दर रविवारी चढते. मला मुलगी असती तर तिला सायकलवर बसवून माझ्यापुढे काढली असती."

मी सांगितलं. आईने पडद्यावरचा डोंगर निरखून पाहिला. मग स्वरूपाकडे पाहिलं. मग पदर तोंडात कोंबला आणि त्या रडायला लागल्या. महिनाभराचं साचलेलं, आवाज न करता. स्वरूपा उठून त्यांच्याजवळ गेली.

तोवर रोवेल्ली बाईंना मी तो दुसरा कागद पाठवला होता. त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं. वाचता वाचता त्यांच्या मानेवर लाल चट्टे उमटलेले मला इथून दिसले. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "हे भाषांतर नाही. मी या मुलीला पास केलं होतं. इथे माझ्या नावावर तिला नापास केलंय." दोन दिवसांत त्यांचं इंग्रजीत लिहिलेलं, सहीचं पत्र आलं. त्या दिवशी संगणक बंद करण्याआधी आईने आणखी एक विचारून घेतलं होतं, की मी तिला महिनाभर पायऱ्या चढू दिल्या नाहीत, त्याने काही बिघडलं का. डॉक्टर हसून म्हणाल्या, काही नाही, एका महिन्याने काही बिघडत नसतं.

पुढची सगळी भांडणं मीच भांडले. ते पत्र, माझी मूळ प्रत, बदललेला कागद, सगळं घेऊन वरपर्यंत गेले. पोलिसांत द्यावं असं रेगेबाईंनी सुचवलं. चौकीवरच्या साहेबांनी कागद उलटसुलट करून विचारलं की मॅडम, यात चोरी नक्की कशाची झाली? विशेषणांची, मी म्हणाले. त्यांनी अर्ज घेतला, पुढे त्याचं काय झालं देव जाणे. संघटनेने चौकशी समिती बसवली. समितीत बर्गेंचेच दोन स्नेही आणि एक निवृत्त प्राध्यापक. मी उभं राहून दोन्ही मजकूर वाचून दाखवले. प्राध्यापकांनी आस्थेने विचारलं की शब्दकोशात इन्सुफिचिएन्त्सा या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत का. आहेत, मी म्हणाले. झालं. त्यांना तेवढंच हवं होतं. निकाल आला तो असा: अनुवादातील भाषिक संदिग्धतेमुळे गैरसमज झाला, यापुढे सदर अनुवादकाकडे काम देऊ नये.

सदर अनुवादक मीच. म्हणजे मजकूर त्यांनी बदलायचा, मुलगी त्यांनी काढायची आणि दोष माझ्या भाषेचा. मी तो निकाल घेऊन एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. त्यांनी आतल्या पानावर चार ओळी छापल्या, त्यातही माझं नाव चांदेकर छापलं. राष्ट्रीय शिबिर तोवर संपत आलं होतं. स्वरूपाला पुढच्या वर्षी पाहू असं सांगण्यात आलं. बर्गे पुढच्या निवडणुकीत संघटनेचे उपाध्यक्ष झाले.

तरी मला वाटत होतं की मुख्य लढाई आपण जिंकलो. आईची भीती गेली, सायकल माळ्यावरून खाली आली, वडील कोइमतूरला परत गेले. स्वरूपा दिवाळीला फोन करायची. सराव चालू आहे म्हणायची. पुढच्या वर्षीच्या निवडीत ती मागे पडली. त्याच्या पुढच्या वर्षी तर चाचणीलाच गेली नाही. कारण विचारलं की विषय बदलायची. मीही मग विचारायचं सोडलं. मुलीचं लग्नाचं वय, घरचे काय म्हणत असतील, असा मनाशी अंदाज बांधून गप्प बसले.

गेल्या वर्षी सांगलीला एका महाविद्यालयात मला भाषणाला बोलावलं होतं. स्वरूपाला कळलं तशी ती स्वतः गाडी घेऊन आली आणि मला विट्याला घेऊन गेली. लग्न झालंय, एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, शिवाय मुलींना सायकल शिकवते. आईच्या घरी पुरणपोळी होती. आई थकल्या आहेत, पण मला पाहून उठून उभ्या राहिल्या. सायंकाळच्या आधी स्वरूपा मला तिच्या मुली दाखवायला रेणावीच्या चढाशी घेऊन गेली. आठ-दहा पोरी, रंगीबेरंगी शिरस्त्राणं, पायांत स्वस्तातले बूट. तिने मला सांगितलं की प्रत्येकीची तपासणी ती सांगलीत करून घेते, डॉक्टरसमोर स्वतः बसते आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ समजल्याशिवाय उठत नाही. डॉक्टर वैतागतात.

मग मी जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. सगळं ठीक होतं, मग तू शर्यत का सोडलीस?

ती मुलींना रांगेत लागा म्हणाली आणि माझ्याकडे वळली.

"मॅडम, रोवेल्ली बाई खोटं बोलल्या असं मला एकदाही वाटलं नाही," ती म्हणाली. "तुमच्यावर तर माझा आईपेक्षा जास्त विश्वास होता. मला सगळं माहीत होतं, की माझं काळीज धड आहे. पण सायकल खाली काढली, पहिल्या दिवशी इथं आले, निम्मा चढ चढले आणि मला ते ऐकू आलं. ठोका. आधी इतकी वर्षं मी चढले, मला कधी ऐकू आलं नव्हतं. आधी मला नुसता रस्ता दिसायचा. मग रोजच ऐकू यायला लागलं. ते ऐकू आलं की पाय आपसूक ढिले पडतात. मी लई प्रयत्न केला. गाणी म्हणून बघितली, आकडे मोजून बघितले. शर्यतीत पुढची पोरगी चढावर निसटते ना, तिच्यामागं डोळे झाकून जायचं असतं. तेवढंच मला परत जमलं नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बर्गेंच्या कचेरीत वळलेली मूठ इतक्या वर्षांनी तिथे, उघड्या माळावर, पुन्हा वळली. आणि या वेळी समोर कुणी टेबल नव्हतं, कुणी कागद नव्हता, ज्यावर ती आपटावी.

"हे आईला सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुम्हीही सांगू नका. ती आता निवांत झोपते."

मुली रांगेत उभ्या होत्या. स्वरूपाने स्कूटर चालू केली, मला मागे बसवलं आणि शिट्टी वाजवली. पोरी सुटल्या. चढ लागला तसा त्यातली एक लहानखुरी मुलगी मागे पडली, मान वळवून आमच्याकडे बघू लागली, एक हात हँडलवरून सोडून तिने छातीशी नेला.

स्वरूपाने स्कूटर तिच्या बरोबरीला आणली.

"काय होत नाही तुला," ती म्हणाली. "इकडं बघू नको. रस्ता बघ."